ओसरीवरचा व्यवसाय : घरबसल्या काम सुरू करण्यापूर्वी

एकाच उत्पन्नावर विसंबून राहण्याचा धोका डिचोली तालुक्याला पुस्तकातून शिकावा लागलेला नाही. सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य सरकारने खाणकाम स्थगित केले आणि पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यावर बंदी घातली. एप्रिल २०१४ मध्ये ती उठली. मग ७ फेब्रुवारी २०१८ रोजी त्याच न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्दबातल ठरवले आणि मार्चच्या मध्यास यंत्रे पुन्हा थांबली. खाणीवरचा कामगार घरी बसलाच, शिवाय ट्रकमालक, गॅरेजवाला, टायरचे दुकान, चहाचे हॉटेल, भाड्याच्या खोल्या असे त्या एका धंद्याभोवती वाढलेले सारेच थंडावले.

पेडण्याची कहाणी निराळी, पण प्रश्न तोच. मोरजी, मांद्रे, हरमलचा किनारा हंगामावर जगतो आणि पावसाळ्याचे चार महिने हिशेबाबाहेर राहतात. मोपा विमानतळाचे उद्घाटन ११ डिसेंबर २०२२ रोजी झाले आणि ५ जानेवारी २०२३ पासून तेथून विमाने उडू लागली. त्यातून रोजगार आला. तरीही वारखंड, इब्रामपूर, कोरगाव येथील प्रत्येक पदवीधराला तो सामावून घेईल, असे कोणी म्हणणार नाही. सरकारी भरतीच्या जाहिरातीकडे डोळे लावून बसलेली एक पिढी दोन्ही तालुक्यांत आहे आणि वयोमर्यादेचे घड्याळ तिच्यासाठी थांबत नाही.

या पार्श्वभूमीवर ‘घरबसल्या काही काम मिळेल का’ हा प्रश्न आता घरोघरी विचारला जातो. काम मिळते. मात्र ते ‘नोकरी लागेपर्यंतचा विरंगुळा’ म्हणून केले, तर तेवढेच टिकते. त्याला व्यवसाय मानायचे, तर तीन गोष्टी जमवाव्या लागतात : ज्यासाठी कोणी आधीपासूनच पैसे मोजत आहे असे नेमके कौशल्य, लेखी व्यवहार आणि एकापेक्षा अधिक ग्राहक. यातली तिसरी गोष्ट डिचोलीने फार महागात शिकलेली आहे.

कौशल्य आणि मागणी

‘मला संगणक येतो’ हे कौशल्याचे वर्णन नव्हे. ‘जुन्या फॉन्टमधला मराठी मजकूर युनिकोडमध्ये बदलून, तपासून, दोन दिवसांत देतो’ हे कौशल्याचे वर्णन आहे. पहिल्या वाक्यावर कोणी काम देत नाही. दुसऱ्या वाक्याला मात्र मुद्रक, देवस्थान समिती, शाळा किंवा लेखक यांपैकी कोणीतरी थांबून विचारतो, ‘पानाला किती घेणार?’

प्रमाणपत्रे जमवण्याची आपल्याकडे मोठी हौस आहे. अभ्यासक्रम जरूर करावेत. ‘स्वयम्’ या केंद्र सरकारच्या व्यासपीठावरील अनेक अभ्यासक्रम शिकण्यासाठी मोफत आहेत. पण मुक्त व्यावसायिकाला काम देणारा माणूस प्रमाणपत्राआधी नमुना पाहतो. आणि दुसऱ्यांदा काम देताना तो नमुनाही पाहत नाही. पहिले काम ठरल्या दिवशी मिळाले होते का, एवढेच त्याला आठवते.

आपल्याच तालुक्यांत दडलेली कामे

परदेशी संकेतस्थळांवर नाव नोंदवून जगभरच्या लाखो स्पर्धकांत उभे राहण्यापूर्वी आपल्या पंचक्रोशीत कोणती कामे पैसे देऊन करवून घेतली जातात, याची यादी करावी. ती वाटते त्यापेक्षा लांब निघते.

पहिले क्षेत्र भाषेचे. गोव्यात १९८७ च्या राजभाषा कायद्याने कोकणी राजभाषा झाली आणि शासकीय कामकाजात मराठीच्या वापरालाही मुभा राहिली. न्यायालये व वरिष्ठ कार्यालये यांचा व्यवहार मात्र बहुतांशी इंग्रजीत चालतो. त्यामुळे इंग्रजी-मराठी-कोकणी असा मजकुराचा प्रवास येथे अखंड सुरू असतो. यंत्राने होणारा अनुवाद आता सर्वांच्या हातात आहे आणि केंद्र सरकारचा ‘भाषिणी’ प्रकल्पही २०२२ पासून सुरू आहे. म्हणून सरसकट अनुवादाचा भाव घसरणार, हे मान्य केलेले बरे. परंतु ‘मुंडकार’ आणि ‘भाडेकरू’ यांतला फरक, ‘कोमुनिदाद’ म्हणजे काय, ‘एक-चौदाचा उतारा’ कशाला म्हणतात, हे यंत्राला नेमके कळेलच असा भरवसा नाही. १९७५ च्या कायद्याने मुंडकाराला त्याच्या राहत्या घराबाबत जे संरक्षण दिले आहे, ते एका चुकीच्या शब्दाने अर्जातून निसटू शकते. यंत्राचा मसुदा गोव्याच्या संदर्भात तपासून, दुरुस्त करून देणारा माणूस म्हणूनच लागणार आहे.

त्यालाच लागून मुद्रितशोधन. जत्रेच्या आणि सुवर्णमहोत्सवाच्या स्मरणिका, शाळांची वार्षिके, संस्थांचे अहवाल, कवितासंग्रह आपल्याकडे उदंड निघतात आणि त्यांतल्या चुकाही उदंड असतात. मराठी साहित्य महामंडळाचे १९६२ चे १४ आणि १९७२ मध्ये त्यांत भर पडलेले ४, असे १८ लेखनविषयक नियम ज्याने मन लावून आत्मसात केले, त्याच्यापाशी विकण्याजोगे काहीतरी नक्कीच आहे. मराठीत पदवी घेतलेल्यांना ‘पुढे काय’ असे विचारणारे नातेवाईक बरेच असतात. त्यांना देण्याच्या उत्तरांपैकी हे एक आहे.

दुसरे क्षेत्र दुर्मीळ, पण मोलाचे. पेडणे आणि डिचोली हे नव्या काबिजादीतले तालुके. अठराव्या शतकाच्या अखेरीस ते पोर्तुगीज सत्तेखाली आले. त्यामुळे येथील जुन्या कागदांत मोडी लिपीतली मराठी सापडते, तर १९६१ पूर्वीचे जन्मदाखले, नोटरीचे दस्त, जमिनीच्या नोंदी पोर्तुगीजमध्ये आढळतात. वारसाहक्काचा वा जमिनीचा वाद निघाला की हे कागद वाचणारा शोधावा लागतो आणि असे वाचक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले आहेत. पोर्तुगीज शिकण्याची सोय गोवा विद्यापीठात व पणजीत आहे. या वाटेला वर्ष-दोन वर्षे द्यावी लागतात. मात्र तेथे गर्दी नाही.

तिसरे क्षेत्र हिशेबाचे. किनाऱ्यावरची अतिथिगृहे, होम-स्टे, गावातली हार्डवेअरची आणि किराणा दुकाने यांना पूर्ण वेळ हिशेबनीस परवडत नाही. पण बिलांची नोंद, बँकेशी ताळमेळ, जीएसटीच्या विवरणपत्रांची तयारी यांतून सुटका नसते. दरमहा विवरण भरणाऱ्यास विक्रीचा तपशील सामान्यतः ११ तारखेपर्यंत आणि कराचा भरणा २० तारखेपर्यंत करावा लागतो. ज्या कामाला महिन्याची तारीख आहे, ते काम दर महिन्याला परत येते. वाणिज्य शाखेच्या पदवीधराने असे चार-पाच ग्राहक जोडले, तरी घरचा पाया पक्का होतो. अतिथिगृहांची ऑनलाइन माहिती अद्ययावत ठेवणे, पाहुण्यांच्या चौकशीला उत्तरे देणे ही जोडकामेही त्याच ग्राहकाकडून मिळू शकतात.

याखेरीज पत्रिका व फलकांची सजावट, उत्पादनांची छायाचित्रे, नाट्यप्रयोगांच्या ध्वनिचित्रफितींचे संपादन, उपशीर्षके अशी कामे आहेत. सगळी एकदम हाती घेऊ नयेत. निवड एकाचीच करावी. दुसरे पहिल्याच्या आधाराने आपोआप येते.

तीन महिन्यांची तयारी

पहिला महिना हातासाठी. भाषेचे काम करायचे असेल, तर देवनागरी टंकलेखन शिस्तीने शिकावे. इन्स्क्रिप्ट ही भारतीय लिप्यांसाठीची प्रमाणित कळरचना आहे. रोज एक तास दिल्यास महिन्याभरात बोटे वळू लागतात. हिशेबाचे काम असेल, तर घरच्याच किंवा शेजारच्या दुकानाची तीन महिन्यांची बिले मागून घेऊन नोंदवून पाहावीत.

दुसरा महिना नमुन्यांसाठी. तीन नमुने पुरतात, पण ते खऱ्याखुऱ्या कामाचे हवेत. एखादी सार्वजनिक सूचना किंवा शासकीय परिपत्रक घेऊन त्याचा अनुवाद करावा. मूळ आणि अनुवाद शेजारी शेजारी मांडावेत. मुद्रितशोधनाचा नमुना म्हणून एक पान दुरुस्तीपूर्वीचे आणि तेच दुरुस्तीनंतरचे दाखवावे. सोबत स्वतःचा शब्दसंग्रह तयार करावा : मामलेदार, कूळ, म्युटेशन, भाटकार अशा गोव्यातल्या शब्दांची, त्यांच्या इंग्रजी प्रतिशब्दांसह. हीच वही पुढे भांडवल ठरते. ग्राहकाची खासगी कागदपत्रे मात्र नमुना म्हणून कोणालाही दाखवू नयेत; हा विश्वासाचा धंदा आहे.

तिसरा महिना पायपिटीचा. पेडणे, डिचोली, साखळी, म्हापसा येथील छापखाने, वकिलांची कार्यालये, शाळा, वाचनालये यांपैकी पंधरा-वीस ठिकाणी प्रत्यक्ष जावे, नमुना दाखवावा, कागदाच्या एका पट्टीवर काम, दर आणि फोन क्रमांक लिहून द्यावा. त्यांतली बहुतेक ठिकाणे ‘बघू’ म्हणतील. तीन ठिकाणांहून फोन आला, तरी महिना सत्कारणी लागला असे समजावे.

या काळात कर्ज काढून भारी संगणक घेण्याचे कारण नाही. मजकुराच्या व हिशेबाच्या कामाला साधा, वापरलेला संगणकही चालतो. मुद्रा योजनेच्या ‘शिशु’ गटात ५० हजार रुपयांपर्यंत कर्ज मिळू शकते आणि राज्यात आर्थिक विकास महामंडळामार्फत मुख्यमंत्री रोजगार योजनाही आहे; पण कर्जाचा विचार कामे आल्यानंतर करावा, कामे येतील या आशेवर नव्हे.

दर कसा ठरवावा

‘तुम्ही द्याल ते’ हे उत्तर नम्र वाटते, पण ते व्यवसायाच्या मुळावर येते. दर ठरवण्याची एक साधी रीत आहे. समजा, घरात महिन्याला २० हजार रुपये यायला हवेत. इंटरनेट, वीज, दुरुस्ती, प्रवास आणि बचत यांसाठी ५ हजार धरले, तर एकूण गरज २५ हजारांची. महिन्यात २५ दिवस काम केले, तरी रोजच्या आठ तासांतले सगळे तास पैशाचे नसतात. फोन, पत्रव्यवहार, ग्राहक शोधणे यांत वेळ जातो. पैशाचे तास रोजी पाच धरले, तर महिन्याचे १२५ होतात. २५ हजारांना १२५ ने भागल्यावर तासाला २०० रुपये येतात. तासात पाच पाने नीट तपासून होत असतील, तर पानाला ४० रुपये.

हे आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. प्रत्येकाने आपले घालावेत. हिशेब असा मांडला की दोन गोष्टी उघड होतात. पानाला दहा रुपयांत काम घेणारा स्वतःच्या खिशातून पैसे घालत असतो. आणि बाजार ४० रुपये देत नसेल, तर वेग वाढवावा लागेल, अधिक मोलाचे काम शिकावे लागेल किंवा दुसरा ग्राहक शोधावा लागेल.

शब्द लेखी हवा

येथे थोडे स्वतःचे सांगतो. वृत्तपत्राच्या मेजावर येण्यापूर्वी एका संस्थेच्या स्मरणिकेचे मुद्रितशोधन मी घेतले होते. ओळखीतले काम, तोंडी ठरलेली ठोक रक्कम. मजकूर चार वेळा बदलून आला; प्रत्येक वेळी नवे लेख, नवी शुभेच्छापत्रे आणि शेवटच्या रात्री जाहिरातींची वीस पाने. सारे तीन-तीनदा वाचले. प्रकाशन थाटात झाले, मला श्रीफळ मिळाले. पैशाची आठवण करून दिली तेव्हा उत्तर आले, ‘अहो, आपलेच काम ते!’ पुढच्या वर्षीच्या कार्यक्रमाची वर्गणी मागायला माणसे आली, तोवर मूळ रक्कम आलेली नव्हती. राग बराच काळ राहिला. नंतर लक्षात आले, की किती पाने, किती वाचने, पैसे केव्हा, यांपैकी काहीच मी विचारले नव्हते.

आपल्या छोट्या राज्यात ग्राहक बहुधा ओळखीचा, सोयऱ्यातला किंवा वाड्यावरचा असतो. म्हणूनच लेखी ठरवणे अवघड वाटते आणि म्हणूनच ते अधिक आवश्यक असते. करारनाम्याचा बडिवार नको. व्हॉट्सॲपवरचा असा एक संदेश पुरतो :

‘नमस्कार. ठरल्याप्रमाणे ८० पानांचे मुद्रितशोधन, दोन वाचने, पानाला ४० रुपये, एकूण ३,२०० रुपये. निम्मी रक्कम आगाऊ, उरलेली काम दिल्यापासून १५ दिवसांत. मजकूर सोमवारपर्यंत मिळाल्यास काम पुढच्या सोमवारी देतो. त्यानंतर वाढणाऱ्या पानांचा व तिसऱ्या वाचनाचा आकार वेगळा. आपला होकार कळवावा.’

होकार आला की काम सुरू. या संदेशाने नाती तुटत नाहीत. ती बहुधा तुटतात पैसे थकल्यावर.

नोंदणी, कर आणि थकलेली रक्कम

‘उद्यम’ नोंदणी जुलै २०२० पासून ऑनलाइन होते आणि ती पूर्णतः मोफत आहे. आधार व पॅनच्या आधारे ती घरबसल्या करता येते. त्यासाठी पैसे मागणाऱ्या संकेतस्थळांपासून दूर राहावे. तिचा मोठा उपयोग थकबाकीच्या वेळी होतो. २००६ च्या सूक्ष्म, लघू व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार नोंदणीकृत सूक्ष्म वा लघू उद्योगाकडून सेवा घेणाऱ्याने ठरलेल्या मुदतीत पैसे द्यायचे असतात आणि ती मुदत ४५ दिवसांहून अधिक असू शकत नाही. लेखी मुदत ठरलेली नसेल, तर १५ दिवसांत. विलंब झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते आणि दाद मागण्यासाठी राज्यस्तरावर परिषद असते. म्हणून नोंदणी कामे घेण्यापूर्वीच करून ठेवावी.

सेवा पुरवणाऱ्याची वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांच्या आत असेल, तर गोव्यात सामान्यतः जीएसटी नोंदणीची सक्ती नाही. कंपनीसारखा ग्राहक ठरावीक रकमेच्या वर व्यावसायिक शुल्क देताना सर्वसाधारणपणे १० टक्के आयकर कापून घेतो. ही रक्कम बुडालेली नसते. आयकर विवरणपत्र भरून, कर देय नसेल तर ती परत मिळवता येते. त्यासाठी पॅन ग्राहकाला वेळीच द्यावा, व्यवसायासाठी वेगळे बँक खाते ठेवावे आणि प्रत्येक कामाचे क्रमांक घातलेले बिल द्यावे. परदेशी ग्राहक मिळाल्यास बँकेकडून पैसे आल्याचा दाखला जपून ठेवावा व एकदा लेखापालाचा सल्ला घ्यावा.

काम देण्यासाठी पैसे मागितले तर

घरबसल्या कामाच्या शोधात असलेल्यांनाच गाठणारा फसवणुकीचा बाजार मोठा आहे. त्याची रूपे ठरलेली आहेत. ‘डेटा एन्ट्री’चे काम देऊन नोंदणी शुल्क किंवा अनामत घेतली जाते, मग कामात चुका काढून दंड मागतात आणि वकिलाच्या नावाने धमकीचे फोन येतात. दुसऱ्या प्रकारात टेलिग्रामवर चित्रफितींना पसंती देण्याचे ‘टास्क’ देऊन सुरुवातीला शे-दोनशे रुपये खात्यात टाकतात आणि विश्वास बसल्यावर मोठी रक्कम भरायला लावतात. तिसरा प्रकार सर्वांत घातक : कमिशनच्या मोबदल्यात आपले बँक खाते वापरायला मागतात. त्या खात्यातून चोरीचा पैसा फिरतो आणि पोलीस खातेदाराच्या दारी येतात.

कसोटी एकच आहे. कामात पैसा ग्राहकाकडून आपल्याकडे येतो. तो उलट दिशेने मागितला गेला, की बोलणे तिथेच थांबवावे. फसवणूक झालीच, तर लाज न बाळगता ताबडतोब १९३० या हेल्पलाइनवर कळवावे आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे तक्रार पोर्टलवर तक्रार नोंदवावी. पहिल्या काही तासांत कळवल्यास रक्कम गोठवली जाण्याची शक्यता अधिक असते.

घरातली घडी

घरून काम करणाऱ्यांची, विशेषतः स्त्रियांची, सर्वांत मोठी अडचण तांत्रिक नसते. ‘ती घरीच तर आहे’ या वाक्याची असते. दळण, पाहुणे, मुलांची शाळा, सासूबाईंची औषधे हे सारे त्या वाक्याच्या आधाराने कामाच्या तासांत शिरते. दिवसाचे निदान चार तास ठरवून ते घरच्यांना स्पष्ट सांगावेत आणि घरच्यांनीही त्यांना दुकानाच्या वेळेइतकाच मान द्यावा. खोली वेगळी नसली तरी चालेल, ओसरीचा एक कोपरा चालतो. वेळ मात्र वेगळी हवी.

आपल्या हवामानाचा आणि सणांचाही हिशेब ठेवावा. पावसाळ्यात वीज जाते, विजांच्या कडकडाटात मोडेम जळतो, आतल्या गावांत नेटवर्क रुसते. काम मुदतीच्या आदल्या दिवशी पाठवण्याची सवय, दुसऱ्या कंपनीचे एक सिम आणि कामाची प्रत पेनड्राइव्हवर, एवढ्याने बहुतेक संकटे टळतात. चवथीत गोवा थांबतो, हे बाहेरच्या ग्राहकाला ठाऊक नसते. ते त्याला महिनाभर आधी कळवावे.

येथे भविष्यनिर्वाह निधी नाही, भरपगारी रजा नाही. म्हणून आलेल्या प्रत्येक रकमेतला काही भाग बाजूला काढून तीन महिन्यांच्या खर्चाइतकी शिल्लक उभी करावी. राज्याच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचे कार्ड असेल, तर त्याचे नूतनीकरण चुकवू नये.

एकाच झाडाखाली नको

कामे सुरू झाली की एक मोह पडतो. एखादा मोठा ग्राहक भरभरून काम देतो, पैसे वेळेवर देतो. हळूहळू बाकीच्यांना नकार दिला जातो. वर्षभर सारे सुरळीत चालते. मग तो ग्राहक एका फोनवर काम बंद करतो आणि घर पुन्हा पहिल्या दिवसावर येते. खाणी थांबल्या तेव्हा ट्रकमालकाचा दोष कष्टात नव्हता, कौशल्यातही नव्हता. त्याच्या ट्रकला दुसरा माल नव्हता, एवढेच. म्हणून एकूण उत्पन्नातला निम्म्याहून अधिक भाग एकाच ग्राहकाकडून येऊ लागला, की नवा ग्राहक शोधण्याची वेळ झाली असे समजावे. तो शोध काम हातात असतानाच घ्यावा. गरज पडल्यावर घेतलेल्या शोधात दर नेहमीच पडतो.

सरकारी नोकरीचा अर्ज भरू नये, असे यातून कोणी समजू नये. जरूर भरावा, अभ्यासही करावा. पण निकालाची वाट पाहतानाचे दिवस रिकामे जाऊ नयेत. आज संध्याकाळी एक कागद घ्यावा. आपल्या गावात गेल्या वर्षभरात कोणी कोणत्या लिखाणाच्या, हिशेबाच्या किंवा सजावटीच्या कामासाठी म्हापशाला वा पणजीला पैसे मोजले, ते आठवून लिहावे. त्यातले एखादे काम येत्या तीन महिन्यांत आपल्याला शिकता येण्याजोगे निघेल. सुरुवात त्यापासून करावी.